मधल्या मशीनची जागा

१

सकाळी उठल्यावर माणसं आधी तोंड धुतात, चहाचं आधण ठेवतात, निदान एक जांभई तरी देतात. बत्तीशीचं तसं नव्हतं. डोळे चोळत तो आधी मागच्या खोलीत जायचा, दार लोटून उंबऱ्यातच थांबायचा आणि आतून येणारा गरम वारा चेहऱ्यावर घ्यायचा. मग मोबाइलवर आकडा बघायचा. आकडा ठीक असला की दिवस ठीक.

बत्तीशी हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे त्याच्याकडे पाठवत आणि तो टेबलाशी बसून मेणात एकेक दात रोवत जायचा. मित्रांनी गमतीत ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तर डॉक्टरसुद्धा फोनवर "बत्तीशी आहेत का?" असंच विचारत. काम नाजूक होतं आणि स्वभाव चिकित्सक. कवळी टोचते अशी तक्रार आली, की नेमकी कुठे टोचते ते सापडेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे.

मागची खोली पूर्वी अडगळीची होती. तिथे एका ठेंगण्या लोखंडी बाकावर त्याने ओळीने तीन मशिनं बसवली होती. क्रिप्टोच्या, म्हणजे आभासी चलनाच्या, मायनिंगची. बुटांच्या खोक्याएवढा आकार, पुढेमागे पंखे, आणि काम एकच, चोवीस तास आकड्यांचे अंदाज बांधत राहायचं. सेकंदाला किती अंदाज बांधले तो मशीनचा वेग, म्हणजे हॅशरेट. त्यातून मोबाइलमधल्या पाकिटात चिमूटभर काहीतरी साठत जातं. हे सगळं त्याने बायकोला पुन्हा पुन्हा समजावलं होतं. तिचं म्हणणं एवढंच होतं, "घरात विमान आणून बसवलंय आणि मेलं कधी उडत नाही."

पण हळूहळू त्या मशिनांची घराला सवय झाली. बायको घरीच शिवणकाम करायची. मशिनांमधून निघणारी गरम हवा खोली ओलांडून समोरच्या खिडकीतून बाहेर जायची, तर तिने त्या वाटेवर आडवी दोरी बांधून कपडे वाळत घालायला सुरुवात केली. बालवाडीत जाणारी त्यांची मुलगी, ठकी, त्या घरघरीशिवाय दुपारची झोपेनाशी झाली.

आणि मग एका सकाळी आकडा ठीक नव्हता.

फार नाही, थोडासाच खाली होता. तीन मशिनांपैकी मधल्याचा वेग मंदावला होता. धूळ असणार, असं म्हणून त्याने दात घासायच्या आत ब्लोअर काढला, मशीन बंद करून जाळ्या सोडवल्या आणि फुंकून साफ केल्या. धूळ निघाली ती चिमूटभर. मशीन परत सुरू केलं. आकडा वर चढला नाही.

"अहो, चहा गार होतोय," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आलो," तो म्हणाला, आणि पंख्यापुढे हात धरून तसाच बसून राहिला. काहीतरी चुकत होतं. काय ते लगेच ध्यानात येईना.

२

त्याचा मित्र कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कुणालाच सापडलेलं नव्हतं. रविवारी तो पिशवीभर हत्यारं घेऊन आला आणि मशीनपुढे मांडी घालून बसला.

"बघ बत्तीशी, मशीन मंदावलं की चारच गोष्टी. धूळ, पंखा, वीज, नाहीतर चिपवरचा तो लेप, जो उष्णता बाहेर ओढून घेतो. तो सुकला की चिप तापते, आणि चिप तापली की मशीन आपणहून वेग कमी करतं. जीव वाचवायला. तुझ्या-माझ्यासारखंच. उन्हात पळायला सांगितलं तर आपण पळू का?"

बोलत बोलत त्याने सगळं उघडलं. पंखे नव्यासारखे फिरत होते. लेप मऊ होता, तरी त्याने पुसून नवा लावला. वीजपुरवठ्याचा डबा बदलून पाहिला. मग भिंतीवरच्या मीटरकडे पाहून म्हणाला, "वीज पूर्ण खेचतंय. एक कणही कमी नाही." आणि मशीन सुरू करून त्याने मोबाइलवर चिपचं तापमान पाहिलं.

आणि रेडिओ गप्प झाला.

"काय रे?" बत्तीशीने विचारलं.

"हात धर इथे."

बत्तीशीने मधल्या मशीनच्या मागे हात धरला. त्या सकाळी काय चुकत होतं ते आता त्याच्या ध्यानात आलं. वारा जोरात येत होता, पण गार. खिडकीतून यावा तसा गार. डावीकडच्या आणि उजवीकडच्या मशिनांचा वारा मात्र भाजेल इतका तापलेला होता.

"हे तापत नाहीये," रेडिओ म्हणाला. "हे गारठलंय. गारठलं तरी चिप अडखळते, म्हणून वेग पडलाय. पण गारठेल कसं? एवढी वीज आत जातेय. आत गेली की ती उष्णता होऊनच बाहेर आली पाहिजे, दुसरी वाटच नाही तिला. मग ती जातेय कुठे?"

त्याने मशीन उलटंपालटं करून पाहिलं, जणू खाली कुठे भोक असेल. नंतर जेवताना तो नेहमीसारखाच बडबडला, पण उष्णतेबद्दल एक शब्द काढला नाही.

संध्याकाळी बायको दोरीवरचा टॉवेल चाचपत म्हणाली, "हल्ली कडेचे कपडे वाळतात, मधले ओलेच राहतात. कुबट वास येतो नुसता. तुमचं विमान बिघडलं वाटतं?"

३

कवळी टोचत असेल तर दोष कवळीत आहे की हिरडीत, हे आधी ठरवायचं असतं. बत्तीशीने तेच केलं. मधलं मशीन उचलून डाव्या कडेला ठेवलं आणि डावीकडचं मध्ये आणलं.

तासाभरात मधलं मशीन, जे आता कडेला होतं, छान तापलं आणि त्याचा वेग पूर्ववत झाला. आणि आजवर कधी कुरबूर न केलेलं डावीकडचं मशीन मधल्या जागेवर गारठून मंदावलं.

म्हणजे दोष मशीनमध्ये नव्हता. जागेत होता.

याने त्याला खरं तर बरं वाटलं. जागेचा दोष म्हणजे हवेचा दोष. कुठून तरी गार झोत येत असणार, भिंतीत फट असेल, फरशीखाली पोकळी असेल. त्याने खिडकीला पुठ्ठा लावला, दाराच्या फटीत फडकी कोंबली, भिंतीवर तळहात फिरवून पाहिला. भिंत कोमट होती. फरशी कोमट होती. मध्यभागी, बाकापुढच्या जमिनीवर मात्र एका जागी त्याच्या तळपायाला एकदम झिणझिण्या आल्या आणि त्याने पाय मागे घेतला. फरशी नव्हती ती थंड. फरशीच्या वरचं काहीतरी होतं.

भरदुपारी, ठकी शेजारच्या खोलीत झोपलेली असताना आणि बायकोच्या शिलाई मशीनची टकटक ऐकू येत असताना, त्याने बायकोच्या डब्यातून लाल दोरा घेतला आणि वीतभर तुकडा विणायच्या सुईच्या टोकाला बांधला. हवा कुठून येते, कुठे वळते, हे दोरा सांगतो. साधी युक्ती.

डाव्या मशीनपुढे सुई धरली. दोरा ताठ होऊन खिडकीकडे उडत राहिला. उजव्यापुढे धरली, तिथेही तसंच. मधल्यापुढे धरली, सुरुवातीला दोरा सरळ उडाला. मग त्याने सुई वीतभर पुढे नेली, आणि दोरा डावीकडे वळला.

त्याने सुई किंचित उजवीकडे घेतली. दोरा उजवीकडे वळला.

ओढ्यातल्या दगडाला पाणी जसं दोन्ही अंगांनी वळसा घालून जातं, तशी मशीनची हवा कशाला तरी वळसा घालून जात होती. पुढे काही नव्हतं. खिडकी, पुठ्ठा आणि दोरीवरचा ठकीचा फ्रॉक.

त्याने सुई खाली नेली. खाली वळसा रुंद होता, मांडी घातलेल्या माणसाच्या गुडघ्यांइतका रुंद. वर नेली तसा तो अरुंद होत गेला, मग एकदम चिंचोळा, आणि त्याच्याही वर पुन्हा थोडा रुंद. त्याच्या हाताला वळणं कळत. जबड्याची, हनुवटीची वळणं हाच तर त्याचा धंदा होता. आपण कशाभोवती दोरा फिरवतोय हे हाताला त्याच्या आधी कळलं, आणि हात थांबला.

दोरा त्या थांबलेल्या जागी पंख्याच्या वाऱ्याविरुद्ध हलला. मशीनकडे झुकला, परत आला. पुन्हा झुकला. पुन्हा परत आला. सावकाश, एका लयीत.

आपल्याच श्वासाने हलत असेल, असं त्याच्या मनात आलं. पण त्याने श्वास केव्हाचा रोखून धरलेला होता.

४

भोवरा. हवेचा भोवरा होतो, तीन मशिनांचे पंखे एका ओळीत असले की होणारच. हे तो स्वतःशी बोलत होता, मोठ्याने. बोलत बोलतच त्याने तिन्ही मशिनांची बटणं बंद केली आणि दाराला बाहेरून कडी घातली.

घर इतकं शांत झालं की बायको शिवणकाम सोडून बाहेर आली. "काय झालं?"

"वायरिंग बघायचंय. राहू दे काही दिवस बंद."

"देव पावला," ती म्हणाली.

पण दुसऱ्याच दिवशी तिची कुरकुर सुरू झाली. शिवलेल्या कपड्यांच्या शिवणींवर ती इस्त्री फिरवायची. "ही इस्त्री बघा हो. दिवा लागतो, पण तापतच नाही धड." त्याने इस्त्रीचा तळ चाचपला. कोमट होता. तिच्या देखत वायर तपासली, आतली पट्टी तपासली. सगळं नीट होतं. तिने शेजारणीची इस्त्री आणली. ती शेजारच्या घरात चटके देत होती, या घरात कोमट झाली.

मग दूध. गॅसवर ठेवलेलं दूध वर यायला एवढा वेळ घेऊ लागलं की बायको ते विसरून जायची आणि तरी ते उतू जायचं नाही. चहा गाळून कपात ओतेपर्यंत निवायचा. बत्तीशीचं मेण वितळेना. दिव्याच्या ज्योतीवर चमचा धरून तो बसायचा. ज्योत चमच्याला चाटायची, पण मेण पांढरंच्या पांढरं राहायचं.

तो बायकोला काही बोलला नाही. काय बोलणार? मागच्या खोलीत कुणीतरी शेकत बसलं होतं, मी त्याची शेकोटी विझवली, आणि आता ते उठून घरभर ऊब शोधत फिरतंय? असं वाक्य शहाण्या माणसाच्या तोंडून निघत नाही. त्याने रेडिओला फोन केला. रेडिओ म्हणाला, "गॅसचा दाब कमी असेल. आणि विजेचाही. मोठ्या शहरांत काय होत नाही!"

बत्तीशीला हे पटलं. पटवून घ्यायची त्याची फार इच्छा होती.

५

ठकीला ताप आला तो त्याच आठवड्यात. बालवाडीतल्या निम्म्या मुलांना आला होता, नवल काहीच नव्हतं. सकाळी अंगाची भट्टी झाली होती तिच्या. डॉक्टरांनी घसा पाहिला, औषध दिलं, म्हणाले दोन-तीन दिवस चढ-उतार होत राहील.

घरी आणून तिला निजवलं. बायको उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवू लागली. थोड्या वेळाने ती पट्टी काढत म्हणाली, "अहो, उतरला की!"

थर्मामीटर लावला. खरंच उतरला होता. ठकी डोळे उघडून हसली, पाणी मागितलं. बायकोच्या जिवात जीव आला. "औषध चांगलं आहे हो. असे डॉक्टर मिळत नाहीत हल्ली." ती पेज करायला उठली.

बत्तीशी लेकीच्या पायाशी बसला होता. त्याने तिचा पाय हातात घेतला. ताप उतरताना घाम येतो, पाय थोडे गार पडतात. पडतात ना? त्याने दुसराही पाय हातात घेतला आणि चोळू लागला.

"बाबा, खिडकी लावा ना," ठकी म्हणाली.

खिडकी लावलेलीच होती.

त्याने पुन्हा थर्मामीटर लावला. पारा नेहमीच्या खुणेपर्यंत गेला नाही. मोडला असेल म्हणून त्याने तो झटकून स्वतःला लावला. त्याचा बरोबर दाखवला. परत तिला लावला. आता आधीपेक्षाही खाली होता.

"अगं, इकडे ये जरा," त्याने हाक मारली.

बायको आली, तिने लेकीच्या गालाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. गोधडी आण, रजई आण, तळवे चोळ. ठकीला तिने कवेत घेतलं, पदरात गुंडाळलं, छातीशी धरलं. पण अंगाची ऊब द्यावी तर तिचेही हात गार पडत चालले. ठकीच्या ओठांचा रंग गेला होता. ती रडतही नव्हती. खोलीच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघत होती, मुलं पाहुण्यांकडे बघतात तशी, लाजून.

"डॉक्टरांना फोन करा!" बायको ओरडली. "बघताय काय असे?"

बत्तीशी उठला, पण फोनकडे गेला नाही. मागच्या खोलीची कडी काढून त्याने तिन्ही बटणं एका हाताने खाली दाबली. पंखे घुरघुरले, चढत चढत त्यांचा तो विमानासारखा आवाज भरला. तो दाराला पाठ लावून उभा राहिला आणि जन्मात कधी केली नव्हती अशी विनवणी त्याने त्या रिकाम्या खोलीला केली. "इकडे या. इकडे या हो. इथे बसा."

शेजारच्या खोलीतून ठकीच्या रडण्याचा आवाज आला. भुकेचं, चिडकं, चांगलं ठणठणीत रडणं.

तो परत आला तेव्हा बायको लेकीला घट्ट धरून बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती. मशिनांच्या आवाजाकडे, मग लेकीच्या गालावर परतणाऱ्या रंगाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. मग तिनेच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आले, त्यांना सगळं ठीक दिसलं. थर्मामीटर चांगल्या दुकानातून घेत जा, असं सांगून ते गेले.

६

दुसऱ्या दिवशी त्यांनी घर सोडलं. मशिनं चालू ठेवून, दाराला कुलूप लावून, ठकीला घेऊन बायकोच्या थोरल्या बहिणीकडे गेले. काय निमित्त सांगितलं ते महत्त्वाचं नाही. रंग देतोय घराला, असं काहीतरी.

ताईंचं घर प्रशस्त होतं, उन्हाचं. पहिली रात्र छान गेली. सकाळी सगळे टेबलाशी बसले असताना ताईंनी किटलीतून चहा ओतला, घोट घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "हा कधीचा चहा आहे हो? आत्ता तर उतरवला मी."

बायकोने बत्तीशीकडे पाहिलं नाही. ती उठली आणि ठकीचे कपडे पिशवीत भरू लागली. ताई मागे लागल्या, "अगं, काय झालं? काय बोललं का कुणी?" ती म्हणाली, "नाही गं ताई. मशिनं एकटी सोडून आलोय ना, ह्यांचा जीव तिकडे लागलाय."

वाटेत बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात नको."

घरी आले तेव्हा मागच्या खोलीत तिन्ही मशिनांचा वारा गार होता. आता एकटं मधलंच नव्हे.

मग बत्तीशीने जे करता येईल ते सगळं केलं. रेडिओकडून जुनं मशीन आणून ओळीत चौथं लावलं. खोलीत हीटर आणले. त्यांच्या तारा लाल व्हायच्या, लालच्या तांबूस, तांबूसच्या काळ्या. घराच्या वायरींना याहून जास्त ओझं पेलत नव्हतं. एका संध्याकाळी सगळं एकदम लावलं तर मुख्य फ्यूज उडाला, आणि फ्यूज बसवेपर्यंत बायको ठकीला उचलून रस्त्यावर, उन्हाच्या शेवटच्या तुकड्यात जाऊन उभी राहिली. त्यानंतर त्याने हीटर लावले नाहीत.

मशिनं मात्र थकत चालली. गारठून चालायला ती बनवलेलीच नव्हती. रेडिओने येऊन पहिलं उघडलं आणि मान हलवली.

"बोर्ड गेलाय. हे दुसरंही जाणार. बंद करून टाक बत्तीशी, भंगारात दे. यातून तुला आता काय मिळतंय?"

"बंद नाही करता येत."

"का?"

बत्तीशीने सांगायला तोंड उघडलं. रेडिओ मधल्या मशीनपुढे बसला होता आणि बोलता बोलता दोन्ही हात एकमेकांवर चोळत होता. त्याचं त्यालाच नवल वाटून तो थांबला. हातांकडे पाहिलं. मग हत्यारं न मोजता पिशवीत टाकली आणि निघाला. दारात म्हणाला, "काही लागलं तर फोन कर." नंतर बत्तीशीने केला तेव्हा त्याने उचलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा रेडिओ बंद होता.

७

दुसरं मशीन एका दुपारी बंद पडलं. शेवटचा तो खरखरता आवाज ऐकून बत्तीशी हातातला साचा टाकून मागच्या खोलीत धावला. ठकी दिवाणावर बसून चित्रं रंगवत होती. जाता जाता त्याने पाहिलं, तिने फ्रॉकच्या बाह्या ओढून बोटांवर घेतल्या होत्या.

त्याने मशीन उघडलं. करण्यासारखं काही नव्हतं. तरी तो बाकापुढे जमिनीवर बसून स्क्रू सोडवत राहिला, नुसता बसणं शक्य नव्हतं म्हणून. थंडी आधी गुडघ्यांत आली. मग पाठीत. एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने, जणू कुणी अगदी खेटून बसावं तशी. स्क्रू बोटांतून निसटला. तो उठणार होता. तेवढ्यात मांडीवरच्या मोबाइलवर उरलेल्या दोन मशिनांचा आकडा वर चढू लागला.

तो बसून राहिला. आकडा चढतच राहिला. मशिनांचा वारा कोमट झाला, मग उबदार. बाहेरून ठकीचा आवाज आला, "आई, मला उकडतंय. हे काढ ना."

तेव्हा त्याला कळलं.

त्यानंतर तो रोज बसू लागला. सुरुवातीला थोडा वेळ, मशिनांना दम घेता यावा एवढाच. मग जास्त. कवळ्यांचं काम मागे पडलं, डॉक्टरांचे फोन येईनासे झाले. त्याची नखं निळसर दिसू लागली, जेवताना घास हातातून सुटायचा. बायकोला तो म्हणायचा, दुरुस्ती करतोय. ती "बरं" म्हणायची आणि त्याच्या ताटातला भात पुन्हा वाफवून आणायची.

तिसरं मशीन गेलं तेव्हा संध्याकाळ होत होती. आता रेडिओचं जुनं मशीन तेवढं उरलं होतं, त्याचाही पंखा अडखळत होता. बत्तीशी त्याच्यापुढे मांडी घालून बसला होता. आज त्याला स्वतःचे पाय जाणवत नव्हते, आणि अधूनमधून आपण इथे कशाला बसलोय हेही आठवत नव्हतं. ते आठवेनासं झालं की तो मुलीचं नाव मोठ्याने घ्यायचा.

दार उघडलं. बायको आत आली. तिने दोन स्वेटर घातले होते, डोक्याला स्कार्फ गुंडाळला होता, पायांत जाड मोजे. दोरीवरचे कपडे तिने एका बाजूला सारले आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली. "आता मी बसते."

"तू कशाला? मी दुरुस्ती..."

"मला काय कळत नाही होय?" तिचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी तुम्ही कुणाला 'इकडे या' म्हणालात, ते ऐकलंय मी. शेजारच्याच खोलीत होते. उठा. ठकीला जेवायला वाढा, गरम आहे तोवर. आणि तुम्हीही दोन घास खा. तुमची पाळी पुन्हा आहेच."

"तुला नाही झेपायचं."

"तुम्हाला झेपतंय का?"

तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. भिंतीच्या आधाराने तो दारापर्यंत गेला. मागे वळून तिला काहीतरी सांगावं असं त्याला वाटलं, सावध राहा, किंवा कुठल्या अंगाने थंडी येते ते. पण ती स्कार्फ घट्ट करत होती, नवख्या घरात कामाला आलेल्या बाईसारखी, आणि त्याच्याकडे बघत नव्हती. त्याने दार ओढून घेतलं.

स्वयंपाकघरात ठकी ताट घेऊन बसली होती. गाल लाल होते, नाकावर घामाचे थेंब. "बाबा, भरवा," ती म्हणाली. त्याने घास केला, मग आपली बोटं तिच्या तोंडाला लागतील म्हणून चमचा घेतला.

भिंतीपलीकडे पंख्याची घरघर खाली उतरत गेली आणि थांबली. त्या शांततेत त्याला बायकोचा आवाज स्पष्ट ऐकू आला. घाबरलेला नव्हता तो. दाटीवाटीच्या जागेत शिरताना बायका बोलतात तसा, साधा, थोडासा वैतागलेला होता.

"जरा सरकून बसा हो," ती म्हणत होती. "सगळ्यांनी."